डिपॉझिट घेण्याआधी लेखी सांगा: मुलींच्या सॉकर क्लबांना खुले पत्र

प्रति,
मुलींच्या युथ सॉकर क्लबांचे संचालक व मुख्य प्रशिक्षक, अमेरिका

विषय: २०२६-२७ ची संघबांधणी आणि आमच्या मुलींचे कॉलेज रिक्रूटिंग

सप्रेम नमस्कार.

या पत्राची इंग्रजी प्रत तुम्हाला पाठवली आहेच. मराठीतून ते जाहीर करतो आहोत, कारण न्यू जर्सी, टेक्सास, इलिनॉय, कॅलिफोर्नियातल्या मैदानांच्या कडेला घडीच्या खुर्च्या टाकून बसणाऱ्या पालकांत मराठी माणसे आता बरीच आहेत, आणि क्लब निवडताना ती एकमेकांनाच विचारतात. आम्ही त्यांतलेच. आमच्या मुली तुमच्याकडे खेळतात. आमच्यातले काही टीम मॅनेजर आहेत, काहींकडे कोचिंगचे लायसन्स आहे, आणि मुलीच्या रिक्रूटिंगचा, म्हणजे कॉलेजच्या संघात भरती होण्याचा, सगळा पत्रव्यवहार घरोघरी आम्हीच सांभाळतो.

या पत्राचे निमित्त म्हणजे या वर्षी चाललेली संघांची फेरमांडणी. २०१७ पासून वयोगट जानेवारी ते डिसेंबर असा कॅलेंडर वर्षाने ठरत होता. यूएस यूथ सॉकर, यूएस क्लब सॉकर आणि एवायएसओ या युथ सॉकरच्या संघटनांनी २०२६-२७ च्या हंगामापासून तो १ ऑगस्ट ते ३१ जुलै असा केला. हा बदल आम्हाला मान्य आहे, किंबहुना तो व्हायलाच हवा होता. ऑक्टोबरात जन्मलेली मुलगी आठवीत असायची तेव्हा तिच्या संघातल्या बहुतेक जणी नववीत जाऊन हायस्कूलच्या संघात खेळायच्या, आणि ही अख्खा हंगाम संघाविना राहायची. ते आता बव्हंशी थांबेल. आमची तक्रार तुम्ही तो ज्या तऱ्हेने राबवत आहात त्याबद्दल आहे.

२००९ साली जन्मलेल्या मुलींचा संघ घ्या. त्यातल्या जानेवारी ते जुलैच्या मुली साधारणपणे २०२७ च्या बॅचच्या (त्या वर्षी हायस्कूल संपवणाऱ्या), तर सप्टेंबर ते डिसेंबरच्या मुली २०२८ च्या. हा संघ आता मधोमध फुटतो. वर्षअखेरीच्या मुली २०१० च्या पहिल्या सात महिन्यांतल्या मुलींबरोबर जातात. एनसीएए ही कॉलेजच्या खेळांचे नियम ठरवणारी संस्था. तिच्या नियमाप्रमाणे डिव्हिजन वनच्या, म्हणजे सर्वांत वरच्या गटाच्या, कोचला मुलीशी रिक्रूटिंगचे बोलणे सुरू करता येते ते दहावी, म्हणजे सोफोमोर वर्ष, संपल्यावरच्या १५ जूनपासून. कॅम्पसवर भेटीला बोलावता येते ते त्यानंतरच्या १ ऑगस्टपासून. २०२८ च्या बॅचसाठी या दोन्ही तारखा २०२६ च्याच उन्हाळ्यात येतात. म्हणजे ज्या आठवड्यांत कॉलेजचा कोच पहिल्यांदा फोन करणार, त्याच आठवड्यांत मुलीचा संघ, जर्सीचा नंबर, कोच आणि शोकेसचे (कॉलेज कोच खेळाडू बघायला येतात त्या स्पर्धांचे) वेळापत्रक बदलणार. वसंतात तिने पाठवलेल्या मेलमधली ही सगळी माहिती ऑगस्टमध्ये चुकीची ठरते. कोच जुनी यादी हातात घेऊन मैदानावर येतो, त्या नंबरवर दुसरीच मुलगी धावत असते, आणि तो पुढच्या मैदानाकडे वळतो. त्याला एका दिवसात आणखी पाच-सहा सामने बघायचे असतात. शोधत बसायला त्याला सवड नसते.

ऑगस्टमध्ये जन्मलेल्या मुलींचे तर तुम्ही नावही काढत नाही. शाळाप्रवेशाची वयोमर्यादा जिथे १ सप्टेंबरला धरतात (कॅलिफोर्निया, टेक्सास) तिथे ऑगस्ट २००९ ची मुलगी शाळेत २०२७ च्या बॅचमध्ये, आणि नव्या गटात मात्र २०२८ च्या मुलींबरोबर. न्यूयॉर्क शहरात मर्यादा ३१ डिसेंबर आहे, त्यामुळे तिथे ऑगस्टपासून डिसेंबरपर्यंतच्या सगळ्याच मुली या पेचात सापडतात. अशी मुलगी सीनिअर (बारावीत) असेल तेव्हा तिचा संघ ज्युनिअरांचा (अकरावीतल्यांचा) असेल, आणि त्या सामन्यांना येणारे कोच तिच्यानंतरच्या बॅचची भरती करत असतील. यावर उपाय सोपा आहे: तिला एक गट वर खेळवायचे. पण वरच्या संघात जागा राखायची की नाही हे तुम्हीच ठरवता, आणि बहुतेक ठिकाणी त्याबद्दल पालकांना एक ओळही कळवलेली नाही.

दुसरी तक्रार लीगच्या बॅजची. ईसीएनएल किंवा गर्ल्स अकॅडमी या मुलींच्या वरच्या लीगच्या शोकेसला कॉलेज कोच मोठ्या संख्येने येतात, हे आम्ही नाकारत नाही. चांगली लीग म्हणजे चांगले प्रतिस्पर्धी आणि जास्त नजरा. पण तुम्ही ट्रायआउटच्या (निवड चाचणीच्या) वेळी जो बॅज दाखवता तो पहिल्या संघाचा असतो, आणि ऑफर येते ती दुसऱ्या संघाची. दुसऱ्या फळीच्या संघाची लीग वेगळी, शोकेस वेगळे, तिथे येणारे कोच वेगळे. फी मात्र जवळपास तेवढीच. वर ‘पुढच्या वर्षी वर घेऊ’ हे आश्वासन तोंडी. ऑफर २४ किंवा ४८ तासांत स्वीकारा, डिपॉझिट परत मिळणार नाही. पंधरा वर्षांच्या मुलीच्या तीन-चार वर्षांचा निर्णय एका रात्रीत घ्यायला लावणे आम्हाला मान्य नाही.

आणि बॅज कायमचा नसतो. यूएस सॉकर या देशाच्या महासंघाने २०१७ मध्ये मुलींसाठी डेव्हलपमेंट अकॅडमी सुरू केली, तेव्हा सर्वोत्तम मुलींची जागा तिथेच असे सांगितले गेले. कित्येक मुलींनी तिच्यासाठी हायस्कूलच्या संघावर पाणी सोडले, क्लब बदलले. एप्रिल २०२० मध्ये ती बंद झाली. मुलींना शेवटचा हंगामही पुरा करता आला नाही. त्या अनुभवानंतर तरी निव्वळ लीगच्या नावावर मुलींना इकडून तिकडे हलवणे थांबायला हवे होते.

आता मिनिटांकडे येऊ, कारण सगळे घोडे तिथेच पेंड खाते. ९० मिनिटांच्या सामन्यात एका संघाकडे अकरा खेळाडूंची मिळून ९९० मिनिटे असतात. रोस्टरवर (संघाच्या यादीत) बावीस मुली असतील आणि सगळ्यांना सारखी वाटणी झाली, तर प्रत्येकीच्या वाट्याला ४५ मिनिटे येतात. प्रत्यक्षात तशी वाटणी होत नाही: सात-आठ जणी पूर्ण सामना खेळतात आणि शेवटच्या पाच-सहा जणींना दहा-पंधरा मिनिटे मिळतात. त्या मुलींच्या फीवर क्लब चालतो. हे त्यांना सही करण्यापूर्वी ठाऊक असले पाहिजे.

गोलकीपरच्या बाबतीत हे आणखी बिकट होते. अकरातली एकच जागा, आणि तुम्ही एका संघात तीन-तीन कीपर घेता. शोकेसचे तीन सामने तिघींत वाटले की प्रत्येकीला एक. समजा कॉलेजचा कीपर-कोच गोलच्या मागे येऊन वीस मिनिटे उभा राहिला. तुमचा संघ वरचढ असेल तर तेवढ्या वेळात चेंडू तिच्याकडे दोनदा येतो: एक बॅकपास, एक सरळ हातात आलेला क्रॉस. तिची झेप, तिची एकास एक टक्कर, बचावफळीला दिलेले आवाज, यांपैकी त्याला काहीच दिसत नाही. तोच कोच एका बॅचमध्ये फार तर एक कीपर घेतो, काही वर्षी एकही नाही. म्हणून कीपरसाठी मधल्या दर्जाचा, पण भरपूर शॉट झेलावे लागणारा संघ बऱ्याचदा जास्त उपयोगी ठरतो. ही गोष्ट तुमच्या प्रत्येक कीपर-कोचला माहीत आहे. ट्रायआउटच्या दिवशी ती कोणी बोलत नाही.

तसेच जागेचे. कॉलेज कोच ‘चांगली खेळाडू’ शोधत नसतो. त्याला दोन वर्षांनी बाहेर पडणाऱ्या लेफ्ट बॅकच्या जागी लेफ्ट बॅक हवी असते. डाव्या पायाने खेळणाऱ्या मुलीला तुम्ही संघाच्या सोयीसाठी कधी विंगला, कधी मध्यभागी लावत राहिलात, तर तिच्या व्हिडिओत कोणत्याच जागेचे सलग चित्रण तयार होत नाही. चौदाव्या वर्षापर्यंत सगळ्या जागा खेळवणे योग्यच. दहावीच्या वर्षी मात्र तिची मुख्य जागा कोणती आणि दुय्यम कोणती, हे कोचने तिला बसवून सांगायला हवे.

तिसरी गोष्ट, तुमच्या कमिटमेंटच्या, म्हणजे मुलीने एखाद्या कॉलेजकडून खेळायचे ठरवल्याच्या, पोस्ट. क्लबच्या पानावर दर नोव्हेंबरात फोटोंची रांग लागते. त्यांतली कोण आठव्या वर्षापासून तुमच्याकडे होती आणि कोण गेल्याच हंगामात आधीच कमिट होऊन आली, हे कोणी सांगत नाही. कोणाला पैसे मिळाले आणि कोणाला फक्त रोस्टरवर जागा, तेही नाही. पालक तो फोटो पाहून खेळावरची स्कॉलरशिप गृहीत धरतात. खरी परिस्थिती अशी आहे. डिव्हिजन वनमध्ये मुलींच्या सॉकरचे सुमारे ३५० संघ आहेत. परवापर्यंत एका संघाला जास्तीत जास्त १४ स्कॉलरशिपइतकी रक्कम वाटता येत असे आणि ती पंचवीस-तीस मुलींत तुकड्या-तुकड्यांनी विभागली जाई. पूर्ण स्कॉलरशिप थोड्यांनाच. जून २०२५ मध्ये खेळाडूंनी एनसीएएवर केलेल्या हाऊस खटल्यातील तडजोड न्यायालयाने मान्य केली. तिच्यात सामील झालेल्या कॉलेजांना स्कॉलरशिपची मर्यादा उरली नाही, पण रोस्टर २८ वर आला. सगळ्यांना पैसे देता येतात म्हणून सगळी कॉलेजे ते देतील असे नाही, कारण अमेरिकन फुटबॉल आणि बास्केटबॉलच्या खेळाडूंना द्यायचा वाटाही त्याच तिजोरीतून जातो. ज्या कॉलेजांत पस्तीस मुली असत, तिथे खालच्या सात-आठ जागा मात्र गेल्या. त्यात ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची नोंद. २०२४ पासून अभ्यासाच्या अटी पुऱ्या केल्या तर खेळाचे वर्ष न गमावता कितीही वेळा कॉलेज बदलता येऊ लागले, त्यामुळे कोचला सतरा वर्षांच्या नवख्या मुलीपेक्षा दोन वर्षे कॉलेजात खेळलेली वीस वर्षांची खेळाडू जवळची वाटते. हे गणित बदलल्यावर तुमच्या माहितीपत्रकातला एक शब्दही बदलला नाही.

डिव्हिजन थ्रीचे संघ डिव्हिजन वनपेक्षा संख्येने जास्त आहेत. तिथे खेळासाठी स्कॉलरशिप देत नाहीत, पण अभ्यासावर चांगली सवलत मिळू शकते, आणि कोचने नाव सुचवल्यावर अर्ज भरण्याआधीच प्रवेश विभाग गुणपत्रिका पाहून कल साधारण कळवतो. आयव्ही लीगमध्येही खेळाच्या स्कॉलरशिप नाहीत. अभ्यासात पुढे असलेल्या मुलीसाठी हे मार्ग डिव्हिजन वनच्या तळातल्या संघाच्या बाकावर चार वर्षे बसण्यापेक्षा कितीतरी बरे. तुमच्या सभांमध्ये मात्र डिव्हिजन थ्रीचा उल्लेख ‘नाहीच जमले तर’ अशा सुरात होतो. तो सूर मुली ऐकतात आणि चांगल्या कॉलेजांना उत्तरच पाठवत नाहीत.

तोंडी कमिटमेंट कोणावरच बंधनकारक नसते, हेही दरवर्षी स्पष्ट सांगत चला. जुने नॅशनल लेटर ऑफ इंटेंट ऑक्टोबर २०२४ मध्ये बंद झाले. आता सीनिअर वर्षात होणारा आर्थिक मदतीचा लेखी करार हाच आधार. तोवर कोच बदलला की शब्दही बदलू शकतो.

चौथी तक्रार: ज्याला तुम्ही ‘कॉलेज रिक्रूटिंग सेवा’ म्हणता आणि फीमध्ये धरता, ती बऱ्याच क्लबांत वर्षातून एका झूम बैठकीपुरती असते. प्रत्यक्षात लागते ते काम कंटाळवाणे आणि नेमके आहे. नववीच्या अखेरीस मुलीने वीस-पंचवीस कॉलेजांची यादी करायची, तिन्ही डिव्हिजनची मिळून. मेलच्या विषयात बॅचचे वर्ष, जागा, नाव, क्लब, जर्सीचा नंबर. मजकुरात पुढच्या तीन सामन्यांची तारीख, वेळ, मैदान क्रमांक, आणि गुणांची सरासरी. व्हिडिओ तीन ते पाच मिनिटांचा, पहिल्या अर्ध्या मिनिटात सर्वांत चांगले क्षण, प्रत्येक क्लिप सुरू होण्याआधी तिच्यावर बाण किंवा वर्तुळ, संगीत नको. सोबत एका पूर्ण सामन्याची लिंक, कारण चेंडू पायाशी नसताना ती काय करते ते कोचला बघायचे असते. शोकेसच्या दहा दिवस आधी एक मेल, दोन दिवस आधी दुसरी, संपल्यावर तिसरी. १५ जूनपूर्वी उत्तर येणार नाही, तरी मेल वाचली जाते. कॉलेजच्या कॅम्पचे आमंत्रण मात्र कधीही येऊ शकते आणि ते शेकडो मुलींना जाते. ते रिक्रूटिंग नव्हे, हे पालकांना सांगणे तुमचे काम आहे.

एनसीएएच्या डिव्हिजन वन आणि टूसाठी हायस्कूलचे सोळा कोअर (मुख्य शैक्षणिक) विषय लागतात, आणि डिव्हिजन वनसाठी त्यांतले दहा सीनिअर वर्ष सुरू होण्याआधी पूर्ण व्हावे लागतात, पैकी सात इंग्रजी, गणित आणि विज्ञानाचे. हे दहावीत कळले तर सुधारता येते. बारावीत कळून काही उपयोग नाही.

यात तुमचा वाटा दोन गोष्टींचा. एक, व्हिडिओ. सामन्याचे चित्रण क्लबच्या कॅमेऱ्यावर, क्लबच्या खात्यात असते. मुलगी क्लब सोडते त्या दिवशी तिचे लॉगिन बंद होते आणि दोन वर्षांचा खेळ तिच्या हातून जातो. दोन, तुमचा शब्द. कॉलेजचा कोच मुलीबद्दल पहिला फोन तुम्हाला करतो. तो फोन उचलला गेला का, काय सांगितले, हे घरी कधीच कळत नाही. क्लब बदलणार असल्याची कुणकुण लागली की तो फोन परत केला जात नाही, असे आम्ही एकाहून अधिक पालकांकडून ऐकले आहे. मुलीला क्लबमध्ये धरून ठेवण्यासाठी तिच्या कॉलेजची वाट अडवायची, हे कोणत्याही कारणाने समर्थनीय नाही.

दुखापतीबद्दल थोडक्यात, पण यात तडजोड नाही. गुडघ्याचा एसीएल हा अस्थिबंध फाटण्याचे प्रमाण सॉकर खेळणाऱ्या मुलींमध्ये मुलग्यांच्या दोन ते तीन पट आहे, आणि शस्त्रक्रियेनंतर मैदानावर परतायला किमान नऊ महिने जातात. ज्युनिअर वर्षाच्या सुरुवातीला तो फाटला तर रिक्रूटिंगचा मुख्य काळ हातचा गेला. फिफाचा ‘इलेव्हन प्लस’ वॉर्मअप वीस मिनिटांचा आहे: आठ मिनिटे धावणे, दहा मिनिटे ताकद, उड्या आणि तोल, पुन्हा दोन मिनिटे धावणे. नॉर्वेत तेरा ते सतरा वर्षांच्या मुलींवर झालेल्या अभ्यासात त्याने गंभीर दुखापती जवळजवळ निम्म्यावर आणल्या. त्याला ना उपकरण लागते ना पैसा. तरीही सरावाची वेळ कमी पडली की पहिली कात्री त्यालाच लागते, आणि तीन दिवसांत तीन सामन्यांच्या शोकेसला मुली बसमधून उतरून दोन फेऱ्या मारून मैदानात उतरतात.

शेवटची बाब आमच्यासारख्या घरांची. आमच्यातल्या कित्येक मुली एच-४ व्हिसावर, म्हणजे आईवडिलांच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून, आहेत. त्यांना सरकारी आर्थिक मदत मिळत नाही. कॉलेजची स्वतःची खेळाची किंवा गुणवत्तेची स्कॉलरशिप मिळू शकते. एकविसावे वर्ष पूर्ण होताच तो व्हिसा संपतो, म्हणजे कॉलेजच्या मधल्याच वर्षात एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर जावे लागते. नाव-प्रतिमेच्या (जाहिरातीत ती वापरू देण्याच्या) कराराचे किंवा कॉलेजच्या खेळाच्या महसुलातल्या वाट्याचे पैसे घेण्याआधी इमिग्रेशन वकिलाला विचारणे भाग आहे. ‘बाकीचे सरकारी मदतीतून भागेल’ हा सल्ला या मुलींना लागू पडत नाही. तुमच्या सल्लागारांना हे ठाऊक नसेल तर त्यांनी निदान मुलीला आधी व्हिसाबद्दल विचारावे.

आमच्या मागण्या अशा:

ऑफरपत्रातच संघाचे नाव, लीग, रोस्टरवरची कमाल संख्या, कीपरची संख्या आणि जायच्या शोकेसची यादी लिहा. कीपर दोनपेक्षा जास्त नकोत.

ऑफर स्वीकारायला किमान सात दिवस द्या. पहिल्या सरावाआधी माघार घेतल्यास डिपॉझिट परत करा.

ऑगस्ट ते डिसेंबरात जन्मलेल्या प्रत्येक मुलीच्या घरी तिची शाळेची बॅच विचारून, तिला कोणत्या गटात आणि का ठेवले हे लेखी कळवा. बॅच वरची असेल तर वर खेळण्याची संधी आधी तिला.

दर हंगामाच्या मध्याला प्रत्येक मुलीला खेळलेली मिनिटे, जागा आणि कोचचे स्पष्ट मत द्या: कोणत्या पातळीचे कॉलेज आज शक्य दिसते, काय सुधारले तर वरचे.

कमिटमेंट जाहीर करताना ती मुलगी किती वर्षे क्लबमध्ये आहे तेही छापा.

सामन्यांचे चित्रण मुलीच्या मालकीचे धरा. क्लब सोडल्यावर बारा महिने ते उतरवून घेता आले पाहिजे. कॉलेज कोचच्या प्रत्येक चौकशीची नोंद ठेवा आणि ती आठवड्याच्या आत घरी कळवा, मुलगी क्लब सोडून जात असली तरी.

प्रत्येक सरावाची पहिली वीस मिनिटे वॉर्मअपची, आणि हायस्कूलच्या हंगामात खेळणाऱ्या मुलीला क्लबमधली जागा गमावण्याची भीती नको.

यांतल्या एकाही मागणीला मोठा खर्च नाही. या पत्रासोबत पाठवलेल्या प्रश्नावलीला ट्रायआउटची नोंदणी सुरू होण्याआधी उत्तर द्यावे ही विनंती. आलेली उत्तरे जशीच्या तशी आमच्या ओळखीच्या प्रत्येक मराठी पालकापर्यंत आम्ही पोचवू. ज्या क्लबांकडून उत्तर येणार नाही, त्यांच्या नावापुढे तेवढेच लिहू.

कळावे,
तुमच्या क्लबांत खेळणाऱ्या मुलींचे काही मराठी पालक